गगनवेध बॅज आणि हरणीचा पान्हा

मुलींना हा बॅज मिळतो का, एवढंच दीपा मगदूमनं विचारलं होतं. सरळ प्रश्न. हो म्हणावं, नाही म्हणावं, माणूस चहा पिऊन घरी जातो. पण जिल्हा बालवीर-वीरबाला, म्हणजे स्काउट-गाइड, मंडळाचे चिटणीस उदयसिंह सर खुर्चीत मागं रेलले, थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "मिळतो की. पण कोण घेत नाही."

"का घेत नाही?"

"आम्ही ठेवत नाही म्हणून."

"का ठेवत नाही?"

"कोण घेत नाही म्हणून."

आणि वर हसले. म्हणजे विहिरीवर बादली नाही, कारण पाणी कुणी काढत नाही. आणि पाणी कुणी काढत नाही, कारण बादली नाही. असली माणसं अख्खा जिल्हा चालवतात, आणि आपण त्यांनाच वर्षातनं दोनदा शाल पांघरवतो.

बॅजचं नाव गगनवेध. निळ्या कापडावर पांढरं विमान आणि त्याच्या शेपटीशी एक तारा. पेठेतल्या बालवीर पोरांच्या बाह्यांवर तो घामोळ्यासारखा उठलेला असतो. त्यातल्या निम्म्या पोरांना उगवती-मावळती सांगता येत नाही, पण बॅज आहे. वीरबालांच्या बाहीवर काय? स्वयंपाक, भरतकाम, रुग्णसेवा, बालसंगोपन. चार बॅज मिळवले की पोरगी थेट लग्नाला उभी करता येते, अशीच सगळी योजना.

दीपा विमा कंपनीत कारकून. दिवसभर लोकांच्या मरणाचे कागद लावायचे आणि शनिवारी संध्याकाळी पेठेतल्या वीरबाला पथकाच्या पोरींना गाठी मारायला शिकवायच्या, हा तिचा विरंगुळा. वर्षानुवर्षं तिनंही तेच चार बॅज मुकाट वाटले होते. खोटं कशाला बोला, तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. ते आणलं नववीतल्या क्रांती कारंडेनं. नियमांची पुस्तिका पुढं करून तिनं विचारलं, "बाई, ह्यो निळा बॅज आपल्याला का न्हाय? मी करतो की ह्यो." कोल्हापूरच्या पोरी 'करतो'च म्हणतात आणि बहुतेक वेळा करतातही.

दीपा सरांच्या टेबलावरनं उठली ती ठरवूनच. "माझ्या पोरी हा बॅज घेणार. परीक्षा तुम्ही घ्यायची."

"घेऊ की," सर म्हणाले. "पण हौस म्हणूनच घ्या हं मॅडम. मुलींचं असं, चार दिवस विमान, पाचव्या दिवशी मेंदी."

दीपानं हातातली पर्स अशी काही आवळली की आतला चष्मा मोडला. ते तिला घरी गेल्यावर कळलं.

पुस्तिकेप्रमाणे कामं तीन. तारे ओळखायचे, विमानतळ बघून यायचा आणि स्वतः केलेलं रॉकेट परीक्षकासमोर दिव्याच्या खांबाच्या वर उडवून दाखवायचं. ऐकायला सोपं. पण कोल्हापुरात कुठलंही काम तुम्ही एकट्यानं करू शकत नाही. तुम्ही करता एक, त्यावर सल्ला देतात चाळीस, आणि चाळिसातला एकजण हमखास सोबत येतो.

सोबत आल्या शालूबाई. दीपाच्या खालच्या मजल्यावर राहतात, आणि जिन्यावरनं कोण किती वाजता चढलं हे देवापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. तारे बघायला पोरी दिवेलागणीला दीपाच्या गच्चीवर जमल्या. दीपा जैन, तिचं जेवण सूर्यास्ताआधी उरकलेलं. पोरी मात्र शाळेतनं थेट आलेल्या, पोटात कावळे. शालूबाई चढून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, उपाशी ठेवल्यावर तारे दिवसासुद्धा दिसतील. त्याला गच्ची कशाला पाहिजे?" मग त्यांनी भडंग आणलं. भडंग आलं म्हणून कांदा आला, कांदा आला म्हणून दीपा टाकीपलीकडं जाऊन उभी राहिली. एवढ्यात शेजारच्या मंगल कार्यालयानं वरातीसाठी आभाळात हिरवे लेझर सोडले. पोरींनी तरीही मृग आणि व्याध बरोबर शोधले. शालूबाईंनी हिरव्या लेझरला सप्तर्षी ठरवून नमस्कार केला.

विमानतळाची परवानगी मागताना दीपाला वाटलं होतं, इथं आपल्या दोन चपला झिजणार. तसं काहीच झालं नाही. एका फोनवर होकार आला. अडचण आली ती आपल्याच माणसाकडनं. शालूबाई मोठा हार आणि नारळ घेऊन बसमध्ये चढल्या.

"विमानतळावर नारळ कशाला?" दीपानं विचारलं.

"मग काय रिकाम्या हातानं जायचं व्हय? पहिल्यांदा जातोय आपण. एवढं मोठं विमान आणि त्याला नारळ नाही? लोक स्कूटरला फोडतात."

दारावरच्या पोलीस बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं की नारळ आत नेता येणार नाही. शालूबाईंनी तो तिथल्याच कठड्यावर फोडला, पाणी शेजारच्या उजळाईवाडी गावाच्या दिशेनं उडवलं आणि खोबरं पोलीस बाईंच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते खाल्लं. कोल्हापुरात नोकरी करायची तर खावंच लागतं.

आणि मग विमानातनं उतरून चालत आल्या त्या वैमानिक बाई. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. पोरी एका क्षणात ओळीत उभ्या राहिल्या. क्रांतीनं विचारलं, "उतरताना भ्या वाटतं का?"

"वाटायला वेळच नसतो," बाई म्हणाल्या. "भीती वाटते ती उतरल्यावर, सामान उशिरा आलं की लोक माझ्याकडं बघतात तेव्हा."

शालूबाईंना राहवलं नाही. "तुम्ही हितं उभ्या, मग विमान कोण बघतंय? आणि घरी स्वयंपाकाला कोण हाय?"

दीपाला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण वैमानिक बाई बहुतेक रोज हेच ऐकत असाव्यात. "घरी नवरा आहे," त्या म्हणाल्या, "आणि विमानाला ब्रेक लावून आलेय." परतीच्या बसमध्ये क्रांती खिडकीशी बसली होती. मधूनमधून स्वतःच्या खांद्याकडं बघत होती.

आता खरी गोष्ट. क्रांतीचे वडील गणपतराव म्हशीवाले. संध्याकाळी पेठेतल्या दूध कट्ट्यावर ते आपल्या म्हशी आणून उभ्या करतात. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोक हातात ग्लास घेऊन उभे राहतात, म्हशीखाली बसलेला माणूस धार थेट ग्लासात सोडतो, आणि फेसाची मिशी येईपर्यंत ते तिथंच उभ्यानं प्यायचं. पैलवान येतात, वकील येतात, आणि पेठेतल्या सगळ्या भानगडी तिथंच निकालात निघतात. त्या कट्ट्यावर कुणीतरी गणपतरावांना चिडवलं, "पोरगी विमान चालवनार म्हनं. मग म्हशी कोन, पायलट धुनार?" सगळे हसले. गणपतराव हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दीपाच्या दारात उभे. चप्पल बाहेर काढली, पण आत आले नाहीत.

"बाई, तुमी चांगल्या घरच्या, म्हनून सांगाय आलोय. पोरीनं उडायचं खूळ घेतलंय. कट्ट्यावर माझं हसं हुतंय. येत्या ऐतवारी तुमची परीक्षा हाय न्हवं? बॅज मिळाला तर म्या तोंड उघडनार न्हाय. न्हाय मिळाला तर पथक बंद. सुट्टीत गडहिंग्लजला मावशीकडं जाईल, शिलाई शिकंल."

"दादा, पण पोरगी हुशार आहे हो."

"म्हनून तर शिलाई. हुशार मानसाला कापड वाया घालवता येत न्हाय."

दीपानं दार लावलं आणि नवऱ्यावर ओरडली. नवऱ्याचं नाव अभिनंदन, त्याचं नळ-पाइपांचं दुकान. बिचारा ताक पीत बसला होता. पण भला माणूस. उठला आणि पाइपचे तुकडे जोडून रॉकेटला उभं करायचा स्टँड करून दिला.

रॉकेट म्हणजे थंड पेयाची मोठी बाटली. आत थोडं पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचातनं सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंपानं हवा भरत राहायची. आत दाब वाढला की बूच सुटतं, पाणी खाली आणि बाटली वर. कधी सुटायचं ते बूच ठरवतं, तिथं कुणाची वशिलेबाजी नाही. पंख कापायला पोरींनी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना प्लास्टिक बोर्ड आणला. त्यामुळं रॉकेटच्या एका पंखावर कुठल्यातरी दादांचा गॉगल आला, दुसऱ्यावर मिशी, आणि तिसऱ्यावर नुसतंच 'भावी'.

जागा ठरली होती शाळेच्या मैदानाची. पण शुक्रवारी कळलं की रविवारी तिथं दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना आहे. कोल्हापुरात फुटबॉल आडवा आला की लग्नाची वरात रस्ता बदलते, तिथं पोरींच्या बाटलीला कोण विचारतो? मैदानाच्या पहारेकऱ्यानं दीपाला समजावलं, "म्याडम, रॉकेट पुढच्या वर्षी पन उडतंय. मॅच पुढच्या वर्षी व्हईल, पन ती ही मॅच न्हाय."

दीपानं उदयसिंह सरांना फोन केला. दिवस पुढं ढकला म्हणावं तर गणपतरावांचा शब्द आडवा. सर म्हणाले, "त्यात काय. रविवारी संध्याकाळी मी कट्ट्यावर दूध प्यायला येतोच. मागं मोकळी जागा आहे. तिथंच घ्या उरकून."

"सर, तिथं म्हशी असतात."

"असू देत की. म्हशींना कुठं परीक्षा द्यायचीय? आणि हो, मुलींचा पहिलाच कार्यक्रम, तेव्हा सत्कार साधाच ठेवा. शाल नको म्हणत नाही, पण साधी."

पोरींच्या परीक्षेला परीक्षकाचा सत्कार. दीपानं फोन ठेवला आणि भिंतीला सांगितलं की ही शाल आपण याच माणसाच्या गळ्याभोवती जरा घट्ट बांधणार आहोत. तरीही तिनं शाल आणली. आपण सगळे आणतो, म्हणून तर हे असं चालतं.

रविवारी कट्टा भरला होता. म्हशी ओळीनं उभ्या, ग्लासवाले ओळीनं उभे, मधे गणपतराव हरणीखाली उकिडवे बसलेले. हरणी त्यांची सगळ्यात लाडकी. मागच्या मोकळ्या जागेत स्टँड रोवलेला, वीरबाला गणवेशात, क्रांतीच्या हातात पंप. उदयसिंह सरांसाठी शालूबाईंनी खुर्ची मांडली होती. शाल झाली, नारळ झाला. सरांनी आकाश, स्त्री, संस्कृती आणि स्वतःची कारकीर्द यांवर बोलायला सुरुवात केली. क्रांती पंपाशी वाकून उभीच. एका ग्लासवाल्यानं लांबनं सांगितलं, "सर, दूध गार व्हाय लागलंय," तेव्हा कुठं ते थांबले.

"करा सुरू," सर म्हणाले, आणि ग्लास तोंडाला लावला.

क्रांतीनं पंप मारायला घेतलं. बाटली फुगली, थरथरली. सर खाली मान घालून फेसावर फुंकर मारत होते. आणि बुचानं ठरवलं.

असा आवाज झाला की पलीकडच्या टपरीवाल्याच्या हातनं किटली सुटली. बाटली वर गेली, दिव्याच्या खांबाच्या वर, विजेच्या तारांच्या वर, तीन मजली इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्याही वर. गॉगल, मिशी आणि भावी गरगरत आभाळात गेले. पोरींनी किंकाळी फोडली. मग रॉकेट वळलं, अंगावरचं पाणी झाडत खाली आलं आणि नेमकं हरणीच्या पाठीवर आपटलं.

हरणी पळाली नाही. तिनं फक्त एक पाय उचलला, बाटली खुराखाली घेऊन चपटी केली, आणि पान्हा चोरला. धार बंद. गणपतरावांनी कासेला हात लावला, थोपटलं, गोंजारलं. थेंब नाही. ओळीतले ग्लास रिकामेच राहिले.

"आमचं दूध?" पहिल्या ग्लासवाल्यानं विचारलं.

"आभाळात गेलं," दुसरा म्हणाला.

"क्रांते," गणपतराव उठले. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "उद्याच्या गाडीनं मावशीकडं."

क्रांतीचा चेहरा पडला. पण दीपाला वाटलं, ठीक आहे, म्हैस गेली, रॉकेट गेलं, पण उडालं तर खरं. ती सरांकडं वळली. "सर, झालं ना? पास ना?"

सरांनी ओठावरचा फेस पुसला. "काय झालं? मी बघितलं नाही."

"तुमच्या समोर उडालं, सर."

"समोर असेल. पण मी दूध पीत होतो. नियमात आहे, परीक्षकानं पाहिलं पाहिजे. पुन्हा उडवा."

पुन्हा कसं उडवणार? बाटली हरणीच्या खुराखाली पोळीसारखी पडलेली. पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत सर पुढं म्हणाले, आणि इथंच त्यांनी स्वतःचा घात केला. "आणि खरं सांगायचं तर मॅडम, मुलींचं एवढं वर जात नसतं. हातातनं निसटून आडवं गेलं असेल. म्हैस काय, कशानंही बिथरते. ही तर दिसतेच भित्री."

कट्ट्यावरच्या सगळ्या माना सरांकडं वळल्या.

गणपतराव हळूहळू पुढं आले. "कोन भित्री?"

"तसं नाही, मी आपलं..."

"पावणं, ही हरणी. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपीस बांधून मिरवनुकीत पुढं असती. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं पळती ही, ढोल-ताशात, फटाक्यात. आजपत्तूर कान हलवला न्हाय. विचारा कुनालाबी."

"खरं हाय," ज्याचं दूध गेलं होतं तो पहिला ग्लासवाला म्हणाला. "गेल्या पाडव्याला माझ्याच गाडीमागं पळाली. माझं कान बसलं, तिचं न्हाय."

"मग जमिनीवरच्या कशाला ही भ्यायची न्हाय," गणपतराव म्हणाले. "आडवं गेलं असतं तर हुंगून सोडलं असतं तिनं. ही बिथरली कारन ते वरनं आलं. आभाळातनं म्हशीवर काय पडायची सवय असत न्हाय. आता तुमी सांगा. एक तर रॉकेट वर गेलं. न्हाईतर माझी म्हस भित्री हाय. ह्यातलं कंचं म्हनताय?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. ग्लास घेतलेले पैलवान, ग्लास घेतलेले वकील, सगळ्यांच्या मुठी ग्लासाभोवती जरा जास्तच आवळलेल्या. मघाशी ज्यांना दुधाचा राग आला होता त्यांना आता हरणीच्या अब्रूचा राग आला होता, आणि कोल्हापुरात दुसरा राग पहिल्यापेक्षा कितीतरी जड असतो.

"गेलं असेल वर," सर म्हणाले.

"असेल?"

"गेलं. वर गेलं. खांबाच्या वर. उत्तीर्ण, सगळ्या मुली उत्तीर्ण."

पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. शालूबाईंनी सत्काराचा नारळ स्वतःच फोडला. दीपाला पहिल्यांदाच या माणसाची शाल परत मागावीशी वाटली नाही. तेवढ्यात सर खुर्चीवरनं उठता उठता म्हणाले, "बॅजचं मात्र बघावं लागेल हं. मुलींचा वेगळा छापून घ्यायला लागेल. पुढच्या मेळाव्याला बघू, नाहीतर त्याच्या पुढच्या."

"आनि पोरांचं?" गणपतरावांनी विचारलं.

"त्यांचे आहेत की, ड्रॉवरमध्ये."

"त्येच्यातलं द्या की."

"ते मुलांचे."

"विमान तेच न्हवं? का पोरींचं विमान मागल्या पायावर चालतंय?"

सर हसले. कार्यालयात हसले होते तसंच. मग त्यांनी विषय बदलावा म्हणून रिकामा ग्लास पुढं केला. हरणी एव्हाना निवांत झाली होती, पान्हा परत आला होता. "एक अजून भरा, गणपतराव."

गणपतरावांनी ग्लास हातात घेतला. आत पाहिलं. पालथा करून स्टुलावर ठेवला. "मंडळाच्या मानसांचं दूध येगळं काढाय लागतंय," ते म्हणाले. "फुडच्या मेळाव्याला बघू."

सर तोच ग्लास उचलून शेजारच्या म्हशीकडं गेले. तिच्या मालकानंही ग्लास पालथा ठेवला. त्याच्या पलीकडच्यानंही. सर ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. शाल खांद्यावरनं घसरत होती, पण ती सावरायला कुणी पुढं आलं नाही.

"उद्या ऑफिसला या, देतो," ते शेवटी म्हणाले.

"उद्या कशाला?" दीपा म्हणाली. "ड्रॉवर आज उघडत नाही काय? पोरी उभ्या आहेत. आम्ही थांबतो."

सरांनी स्कूटरला किक मारली. दोनदा मारावी लागली. ते कार्यालयाच्या दिशेनं वळल्याचं सगळ्या कट्ट्यानं नीट पाहून घेतलं.

क्रांती चपटी बाटली हातात धरून वडिलांपुढं उभी राहिली. "आबा, मावशीकडं बॅग भरू का?"

गणपतराव पुन्हा हरणीखाली बसले होते. पहिली धार ग्लासात वाजली. त्यांनी मान वर केली नाही.

"फुडचं रॉकेट करशील तवा," ते म्हणाले, "नदीकडं तोंड करून उडीव. हिकडं मानसं दूध पित्यात."